गांवची शाळा कशी पारखावी ?

गेल्या फाल्गुनांत, म्हणजे सन २०२५ च्या मार्च महिन्यांत, आमच्या घरीं एक वाद उपस्थित झाला. वादाचा विषय आमचा नातू. तो ज्येष्ठांत पहिल्या इयत्तेंत बसावयाचा होता, आणि त्याला कोणत्या शाळेंत घालावें याविषयीं घरांतील आठ माणसांचीं नऊ मतें होतीं. थोरल्या बंधूंचें म्हणणें, मुलाला साताऱ्यास ठेवावें. आमच्या चिरंजीवांचें म्हणणें, तालुक्याच्या गांवीं इंग्रजी शाळा आहे, तिची पिवळी मोटार दारापर्यंत येते, तींतून पाठवावें. सौ.चें म्हणणें एवढेंच कीं, पोराच्या पोटांत दुपारीं गरम अन्न पडलें पाहिजे. आमच्या घरापासून चालत पांच मिनिटांवर, देवळाच्या मागल्या बाजूस, जिल्हा परिषदेची प्राथमिक शाळा आहे. तिचें नांव कोणींच काढलें नाहीं. तें आम्हीं काढलें.

तेव्हां सूनबाई, ज्या सहसा आमच्या बोलण्यास प्रत्युत्तर करीत नाहींत, त्या शांतपणें म्हणाल्या, “बाबा, तुम्ही एकोणचाळीस वर्षें जिल्हा परिषदेच्या शाळांतून शिकवलंत. मग यांना तालुक्याच्या खासगी शाळेंत कां घातलंत ?”

आम्हांपाशीं उत्तर नव्हतें. खरें म्हणजे होतें, पण तें चारचौघांत सांगण्याजोगें नव्हतें. “शाळा एकदां नीट पाहून येतों, मग बोलतों,” एवढेंच म्हणून आम्ही पानावरून उठलों. पुढील हकीकत त्या पाहणीची आहे. ज्या घरांतून दरवर्षीं पाडव्याच्या सुमारास हाच प्रश्न निघत असेल, त्यांना तींतून कांहीं उपयोगाचें सांपडलें तर पाहावें.

शाळा पारखण्याच्या ज्या रीती लोकांत रूढ आहेत त्या आम्हीं आयुष्यभर पाहिल्या आहेत. कोणी इमारत पाहतो. कोणी शिष्यवृत्ति मिळविलेल्या मुलांच्या नांवांचा फलक वाचतो. कोणी एखाद्या मुलाला “व्हॉट इज युवर नेम” असें विचारून त्याच्या उत्तरावर संतुष्ट होतो. अलीकडे शाळेच्या भिंती आगगाडीच्या डब्यांसारख्या रंगविण्याची टूम निघाली आहे. मुलांना ती आवडते, आम्हांसही आवडते. परंतु त्या डब्यांत बसलेलीं मुलें कोणत्या स्थानकापर्यंत पोंचलीं हें रंगावरून कळत नाहीं. शिष्यवृत्तीचा फलक त्याहूनही फसवा. तो चौघांची गोष्ट सांगतो आणि चाळिसांची झांकतो. आणि ते चौघे बहुधा अशा घरचे असतात कीं, कोणत्याही शाळेंत गेले असते तरी ते कोठल्या तरी फलकावर आलेच असते.

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या कायद्यानें कांहीं मापें ठरवून दिलीं आहेत. पहिली ते पांचवीच्या वर्गांस वर्षांतून निदान २०० दिवस व ८०० तास अध्यापन झालें पाहिजे. साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक पाहिजेत. पुढें सामान्यतः तीस मुलांमागें एक. प्रत्येक शिक्षकास वर्गखोली, पिण्याचें पाणी, मुलगे व मुली यांना निरनिराळीं शौचालयें, वाचावयास पुस्तकें, हीं असलीं पाहिजेत. हें सारें अर्ध्या दिवसांत तपासतां येतें. प्रत्येक शाळेस अकरा आंकडी ‘युडायस’ क्रमांक असतो, त्यावरून सरकारदप्तरची माहिती घरबसल्याही मिळते. ती अवश्य पाहावी. मात्र दप्तर आणि वस्तुस्थिति यांत किती अंतर राहूं शकतें हें, ज्यानें तें दप्तर स्वहस्तें भरलें आहे, त्याला निराळें सांगावयास नको. “शौचालय : आहे” हें लिहिणें खरेंच असतें. त्यास कुलूप आहे आणि किल्ली खणांत आहे, हें लिहिण्यास रकाना नसतो. आमच्या गांवच्या शाळेंत हेंच आढळलें. मुलींचें शौचालय अतिशय स्वच्छ होतें, कारण तें कोणी वापरीतच नव्हतें.

शाळा चौथीपर्यंत, मुलें अडतीस, शिक्षक दोन. पहिली-दुसरी मुख्याध्यापकांकडे आणि तिसरी-चौथी बाईंकडे. (मुलें त्यांना ‘मॅडम’ म्हणतात. आम्हांस ‘बाई’ हाच शब्द सुचतो.) मुख्याध्यापकांस प्रथम वाटलें कीं, आम्ही कांहीं तक्रार घेऊन आलों आहों. त्यांनीं खुर्ची पुढें केली, चहा मागविला, सरकारी पत्रांची फाईल उघडली. आम्हीं विनंति केली कीं, आम्हांस खुर्ची नको. तिसरीच्या वर्गांत सतरंजीवर मागें बसूं द्यावें, आणि तेंही एक दिवस नव्हे, तीन दिवस. पहिल्या दिवशीं वर्ग पाहुण्यापुढें सजून बसतो, दुसऱ्या दिवशीं संकोचतो, तिसऱ्या दिवशीं विसरतो. शाळा पाहावयाची ती तिसऱ्या दिवशीं.

तिसरीच कां, असें कोणी विचारील. पहिल्या दोन वर्षांत मूल वाचावयास शिकतें; तिसरीपासून तें वाचून शिकूं लागतें. जें मूल तिसरींत अडलें, त्याला पुढें इतिहास, भूगोल, गणितांतील शाब्दिक उदाहरणें, सर्वच बंद दारें होतात. केंद्र सरकारनें २०२१ सालीं ‘निपुण भारत’ ही योजना आंखली तींतही लिहिणें, वाचणें व अंकज्ञान तिसरीअखेर पक्कें व्हावें हेंच ध्येय ठेविलें आहे. ‘प्रथम’ या संस्थेच्या प्रेरणेनें २००५ पासून ‘असर’ नांवाची पाहणी खेड्यापाड्यांतून होत आली आहे. तिची रीत इतकी साधी आहे कीं, कोणाही आजोबांस ती घरीं करतां येईल : अक्षरें, सुटे शब्द, पहिलीच्या तोडीचा उतारा आणि दुसरीच्या तोडीची गोष्ट, अशा चार पायऱ्या, मूल कोणत्या पायरीवर उभें आहे तेवढें पाहावयाचें. २०२४ च्या पाहणींत देशांतील ग्रामीण सरकारी शाळांतील पांचवीच्या मुलांपैकीं शेंकडा ४५ च्या आसपास मुलांनाच दुसरीची गोष्ट वाचतां आली. तिसरींत हें प्रमाण शेंकडा २३ च्या जवळपास होतें. खासगी शाळांचे आंकडे याहून बरे आहेत, पण मिरवावे असे नाहींत. अर्थात् देशाच्या आंकड्यावरून आपल्या गांवची शाळा ठरत नाहीं. तिच्यासाठीं सतरंजीवर जाऊन बसावेंच लागतें.

वाचन पाहतांना एक खबरदारी घ्यावी. शाळेचें पाठ्यपुस्तक उघडून वाचावयास सांगूं नये. फाल्गुनापर्यंत तें मुलांना पाठ झालेलें असतें, आणि चतुर मूल पुस्तक उलटें धरूनही घडाघडा वाचून दाखवितें. मुलांनीं कधीं न पाहिलेलें पान पुढें ठेवावें. आम्हीं घरच्या माळ्यावरून एक जुना बालमासिकाचा अंक नेला होता.

परंतु मुलांना कांहीं विचारण्यापूर्वीं आम्हीं बाईंना एक प्रश्न विचारला, आणि आमच्या मतें शाळा पारखण्याचा तोच खरा प्रश्न आहे. वर्गांत तिसरीचीं अकरा मुलें होतीं. आम्हीं म्हटलें, “यांतलं कोण हें पान वाचील, कोण अडेल आणि कोणास मुळींच येणार नाहीं, हें आधीं आपणच सांगावें.” बाईंनीं हजेरीपट उघडला नाहीं, टिपण पाहिलें नाहीं. मुलांच्या तोंडाकडे पाहत त्या एकेकाविषयीं सांगत गेल्या. शेवटीं खिडकीशीं बसलेल्या एका मुलीस त्यांनीं हातानें पुढें घेतलें. वीटभट्टीवरील मजुराची मुलगी, दिवाळीनंतर दाखल झालेली. बाई हलक्या आवाजांत म्हणाल्या, “हिला काना, वेलांटी येते. ‘ध’ आणि ‘घ’ यांत गोंधळ होतो. जोडाक्षरं अजून घेतलेलीं नाहींत. गुरुजी, तुम्ही हिच्यापासूनच सुरुवात करा.”

आम्ही कांहीं वेळ पान हातांत धरून तसेच बसलों. त्याचें कारण सांगितलें पाहिजे.

सन १९८४. आमची शाळा माणदेशांतील एका वाडीवर. चौथींत एक मुलगा होता. उंच, अबोल, मेंढरांमागें जाणारा. चार वर्षें शाळेंत काढून त्याला अक्षरओळखीपलीकडे कांहीं येत नव्हतें, आणि तें आम्हांस पूर्ण ठाऊक होतें. वार्षिक तपासणीस साहेब येणार असें कळलें. आदल्या सायंकाळीं आम्हीं त्याला जवळ बोलावून सांगितलें, “उद्यां तूं मेंढरांकडे गेलास तरी चालेल हो.” पोर आनंदानें गेलें. साहेबांनीं शेरेपुस्तकांत ‘वर्गाचें वाचन उत्तम’ असें लिहिलें. आम्हांस बढतीच्या वेळीं त्या शेऱ्याचा उपयोगही झाला. निवृत्तीनंतर एकदां एस्. टी.च्या फलाटावर पांढरा फेटा बांधलेल्या एका गृहस्थानें आम्हांस ओळखलें व वांकून नमस्कार केला. तोच तो. इतक्यांत गाडी लागली. तिच्या कपाळावरील पाटी आम्हां दोघांच्याही समोर होती. तो म्हणाला, “गुरुजी, ही कुठली हो ?” आम्हीं सांगितलें. तो गाडींत चढून गेला. त्याच्या आवाजांत तक्रार नव्हती. पाटी कोणास तरी विचारावयाची असते, हें त्याच्या अंगवळणींच पडलें होतें.

सूनबाईंच्या प्रश्नाचें उत्तर हेंच होतें. ज्या शेऱ्यानें साहेबांचें समाधान झालें त्यानें आमचें होईना. ‘उत्तम’ कसें तयार होतें हें ज्यास ठाऊक, त्यानें आपल्या मुलास त्या उत्तमांत घातलें नाहीं.

असो. त्या मुलीपासून आम्हीं सुरुवात केली. तिनें बोट ठेवून अक्षरें लावलीं, ‘धरण’ला ‘घरण’ वाचलें, आणि जोडाक्षर आलें तेथें थांबून बाईंकडे पाहिलें. बाकीच्या दहांपैकीं सात जणांनीं पान सरळ वाचलें. तिघांनीं शब्द सुटे करून. बाईंचें भाकीत दहा मुलांविषयीं तंतोतंत खरें ठरलें. अकराव्यानें मात्र त्यांना चकविलें : तो अडेल म्हणून त्यांनीं सांगितलें होतें आणि तो भरभर वाचून मोकळा झाला. “अरे, तूं हें केव्हां शिकलास ?” असें त्याच विचारूं लागल्या. घरीं थोरली बहीण रोज वाचून घेते असें निघालें.

मग गणित. फळ्यावर ५२ वजा १७ मांडलें. चार मुलांनीं ४५ उत्तर काढलें. अनुभवी शिक्षकांस हें ४५ परिचित आहे : मूल मोठ्या अंकांतून लहान अंक वजा करतें, वर कोणता आणि खालीं कोणता हें पाहत नाहीं, सातांतून दोन गेले पांच, पांचांतून एक गेला चार. चुकीच्या उत्तरानें शाळा वाईट ठरत नाहीं. त्या ४५ पुढें शिक्षक काय करतो तें पाहावें. ‘चूक’ म्हणून काट मारून पुढें जाणारा एक. आणि काड्यांचे दहा-दहांचे जुडगे काढून पांच जुडगे व दोन सुट्या काड्या मांडणारा व “आतां यांतून सतरा दे बघूं” म्हणणारा दुसरा. बाईंनीं जुडगे काढले. जुडगा सोडल्यावांचून सात काड्या देतां येईनात, तेव्हां एक मुलगा स्वतःच “हा सोडूं का ?” म्हणाला. पण त्या वेळीं चौथीचा वर्ग पाठीमागें पंधरा मिनिटें निव्वळ गोंगाट करीत होता, हेंही नमूद केलें पाहिजे. दोन वर्ग एका शिक्षकाकडे असले कीं, एकाचें शिकणें हें दुसऱ्याचें वाट पाहणें होतें. कायद्याच्या मापांत हें बसतें. मुलांच्या मापांत बसत नाहीं.

वह्या पाहिल्या. वहींत तांबड्या शाईच्या खुणा पानोपानीं असणें हें फारसें सुचिन्ह नव्हे. न वाचतांही त्या करतां येतात. चुकलेला शब्द शिक्षकानें दुरुस्त केला आहे आणि त्याखालीं मुलानें तो पुन्हां लिहिला आहे, अशीं पानें शोधावींत. मराठीच्या वह्यांत तीं सांपडलीं. परिसर अभ्यासाच्या वह्यांत एकही सांपडलें नाहीं. बाईंना विचारलें. त्यांनीं आपली दैनंदिनी पुढें ठेविली : फेब्रुवारींत नऊ दिवस त्या वर्गाबाहेर होत्या. प्रशिक्षण, केंद्राची बैठक, कसली तरी माहिती ऑनलाईन भरणें, तिचीं छायाचित्रें पाठविणें. जनगणना, आपत्तिनिवारण व निवडणुका यांवांचून शिक्षकास अन्य शिक्षणेतर काम देऊं नये असें तोच २००९ चा कायदा म्हणतो. पण छायाचित्रें पाठविणें हें शिक्षणेतर आहे असें कोणी समजत नाहीं. शाळा पाहावयास जाणाऱ्यानें हा प्रश्न अवश्य विचारावा, आणि दोष कोणाच्या पदरीं घालावयाचा हें उत्तर ऐकल्यावर ठरवावें.

दुपारच्या भोजनासाठीं आम्ही मुद्दाम थांबलों, कारण घरीं सौ.स उत्तर द्यावयाचें होतें. प्राथमिक शाळेंतील मुलामागें १०० ग्रॅम धान्य, आणि जेवणांतून ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिनें, असें प्रमाण आहे. त्या दिवशीं मटकीची आमटी व भात होता. मुख्याध्यापक पहिला घांस स्वतः खातात. आमटी थोडी तिखट होती. बाकी कांहीं म्हणावयास जागा नव्हती.

न्याय व्हावा म्हणून आम्ही तालुक्याच्या त्या इंग्रजी शाळेसही गेलों. तेथें आमचें स्वागत फार अगत्यानें झालें. संगणकाची खोली, पडद्याचा फळा, स्नेहसंमेलनाचीं छायाचित्रें, सर्व दाखविण्यांत आलें. तिसरीच्या वर्गांत बसूं द्यावें असें म्हणतांच मात्र, पालकांस वर्गांत बसण्याची पद्धत नाहीं, असें नम्रतेनें सांगण्यांत आलें. तेव्हां ती शाळा चांगली कीं वाईट हें आम्ही सांगूं शकत नाहीं. ती तेथें दाखविली जात नाहीं, इतकेंच सांगूं शकतों.

घरीं येतांना मनांत एक जुनी गोष्ट घोळत होती. महात्मा फुले यांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें प्राथमिक शिक्षणाची कैफियत मांडली. ना. गोखले यांनीं १९११ त सक्तीच्या शिक्षणाचें बिल वरिष्ठ कायदेमंडळांत आणलें. पुढल्याच वर्षीं तें १३ विरुद्ध ३८ मतांनीं पडलें. त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षांनीं, १ एप्रिल २०१० पासून, तो हक्क कायद्यानें मुलांच्या हातीं आला. आणि तो येईपर्यंत आमच्यासारख्या घरांनीं आपलीं मुलें त्या शाळांतून काढून घेतलीं होतीं. आमच्या गांवच्या शाळेच्या जुन्या पटावर आमच्या वडिलांचें व चुलत्यांचें नांव आहे. आमच्या चिरंजीवांचें नाहीं. ज्या घरांतील माणसांस अर्ज लिहितां येतो, सभेंत उभें राहून विचारतां येतें, तीं घरें शाळेंतून उठून गेलीं. आणि मग शाळेस कोणी विचारीनासें झालें याचें आश्चर्य तींच घरें करूं लागलीं.

रात्रीं जेवणें झाल्यावर आम्हीं सर्व हकीकत सांगितली, माणदेशांतील मुलाचीही. ती आमच्या सौ.सही ठाऊक नव्हती. चिरंजीव बराच वेळ बोलले नाहींत. मग म्हणाले, “दोन वर्ग एका बाईंकडे, हें मला पटत नाहीं.” आम्हांसही पटत नव्हतें. इंग्रजीचें काय, असें थोरल्या बंधूंनीं विचारलें. शाळेंत सेमी-इंग्रजी आहे, म्हणजे गणिताचें पुस्तक इंग्रजींत, असें आम्हीं सांगितलें. पण तें बाईंना कितपत झेपतें याविषयीं आम्हांस शंका आहे, हेंही सांगितलें. सूनबाईंनीं एवढेंच विचारलें, “त्या वीटभट्टीच्या मुलीच्या जागीं आपला असता, तर बाईंनीं त्यालाही पुढें घेतलं असतं ना ?” आम्हीं होय म्हटलें. चौथीपर्यंत येथें, पुढचें पुढें, असें ठरलें. चौथीनंतर पुन्हां वाद होईल.

आठवड्यांतून दोन दुपारीं आम्हीं चौथीचा वर्ग सांभाळावा, म्हणजे बाईंस तिसरीकडे मोकळेपणीं पाहतां येईल, अशी मुख्याध्यापकांनीं परवानगी दिली. वैशाखांत भट्टी बंद झाली आणि ती मुलगी आईबापांबरोबर गेली. ‘ध’ आणि ‘घ’ यांचा घोळ मिटला होता. जोडाक्षरें अर्धीं राहिलीं. बाईंनीं दाखल्याच्या पाठीमागें पेन्सिलीनें तिला काय येतें, काय राहिलें, तें पुढच्या शाळेच्या शिक्षकांसाठीं लिहून दिलें आहे.

श्रावणांत शाळा व्यवस्थापन समितीची निवड झाली. तिचे तीन चतुर्थांश सभासद पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. सूनबाई तींत निवडून आल्या. आम्हांस तेथें प्रवेश नाहीं, आजोबा पालकांत धरीत नाहींत. पहिल्याच सभेंत त्यांनीं शौचालयाच्या किल्लीचा प्रश्न काढला असें ऐकतों. किल्ली आतां खणांत नसते. तिसरीच्या दाराशेजारीं खिळ्यावर असते. खिळा जरा उंच मारला गेला आहे, पहिलीच्या मुलींचा हात पोंचत नाहीं. तो खालीं घ्यावा असा विषय पुढील सभेपुढें आहे.